नीसचा गोट्यांचा किनारा

फ्रान्स देशाच्या आग्नेय टोंकास, जेथें आल्प्स पर्वताच्या शेवटच्या शाखा थेट भूमध्य समुद्रांत उतरतात, तेथें नीस नांवाचें सुमारें साडेतीन लाख वस्तीचें शहर आहे. धनिकांच्या विलासाचें ठिकाण म्हणून त्याची कीर्ति जगभर असल्यामुळें एका निवृत्त शाळामास्तरानें त्याचें वर्णन लिहावें, हें वाचकांस थोडें विचित्र वाटेल. आमचें तेथें जाणें मुलाच्या नोकरीमुळें घडलें. नीसच्या पश्चिमेस टेकड्यांवर सोफिया-आंतिपोलिस नांवाची विज्ञानसंस्थांची व संगणक-कंपन्यांची एक वसाहत १९६९ सालापासून वाढत आलेली आहे. आमचा मुलगा तेथें काम करतो आणि नीसमध्यें बिऱ्हाड करून राहतो. २०२५ च्या उन्हाळ्यांत सौ. आणि मी असे दोघे दोन महिने त्याच्याकडे राहिलों, आणि त्या अवधींत समुद्रावर गेलों नाहीं असा दिवस क्वचितच उगवला.

संवयीप्रमाणें मीं प्रथम नांवांची फोड केली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत मार्सेयच्या ग्रीकांनीं हें गांव वसविलें व त्यास 'निकाइआ' असें नांव दिलें. निके म्हणजे जय; तेव्हां आपल्या भाषेंत हें जयपूरच झालें. पोरसाशीं लढाई झाल्यावर अलेक्झांडरनें झेलमच्या तीरावर जें एक नगर वसविलें, त्याचेंही नांव हेंच होतें. नीसच्या पश्चिमेस उपसागरापलीकडे दिसणारें आंतीब हें गांव म्हणजे मूळचें 'आंतिपोलिस', अर्थात् समोरचें नगर, प्रतिपुर. सोफिया म्हणजे प्रज्ञा. मुलाच्या कचेरीच्या पत्त्याचें 'प्रज्ञा-प्रतिपुर' असें भाषांतर मीं जेवतांना ऐकविलें, तेव्हां सूनबाई म्हणाली, "बाबा, हें टपालवाल्याला मात्र सांगूं नका."

असो. आम्ही दोघेही कोंकणांतलीं. किनारा म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें गुहागरची पुळण उभी राहते. नीसच्या पुढील सगळ्या किनाऱ्यावर वाळू म्हणून नाहीं. आहेत ते केवळ गोटे: करडे, पांढुरके, चपटे, अंड्यासारखे गुळगुळीत, लिंबाएवढ्यांपासून पुरणपोळीएवढ्यांपर्यंत. अनवाणी चालणाऱ्याचे पाय चार पावलांतच हुळहुळतात. म्हणून जाणतीं माणसें रबरी जोडे घालूनच पाण्यांत शिरतात. उतारही मोठा तीव्र. पांच-सहा पावलें गेलें कीं पाणी छातीला लागतें आणि त्यापुढें पाय टेकत नाहींत. लाट मागें सरतांना हे सहस्रावधि गोटे एकमेकांवर घरंगळतात, आणि पितळी परातींत हरभरे ओतावे तसा खळखळाट होतो. रात्रीं रहदारी थांबली म्हणजे तो आवाज रस्त्यापलीकडील घरांतूनही ऐकूं येतो. कोंकणांतील समुद्राच्या गाजेनें ज्यास झोंप लागत असे, त्यास या खळखळाटाची ओळख होण्यास आठ दिवस लागतात.

हे गोटे आले कोठून? पश्चिमेची वार नदी आणि शहराच्या मधून वाहणारी पायाँ नदी, या दोघींनीं ते पर्वतांतून पुरांबरोबर ओढून आणले आणि समुद्रानें घासून गुळगुळीत केले. परंतु पायाँवर गेल्या दीडशें वर्षांत छत घालून त्यावर चौक व बागा उठविण्यांत आल्या. वारच्या दोन्ही कांठांना बांध पडले, पात्रांत आडवे बंधारे आले, आणि तिच्या मुखाशीं समुद्रांत भराव घालून विमानतळ झाला. येणारा दगड अडला, नेणाऱ्या लाटा चालूच राहिल्या. म्हणून १९७६ पासून हा किनारा वेळोवेळीं बाहेरून गोटे आणून भरावा लागत आहे. पर्वतानें फुकट पुरविलेली वस्तु आतां मालमोटारींतून येते! भरावाच्या बाबतींत समुद्रानें एकदां आपला हिशेबही मागितला. १६ ऑक्टोबर १९७९ रोजीं विमानतळालगत नव्या बंदरासाठीं घातलेला भराव एकाएकीं समुद्रांत खचला, कामावरचीं माणसें त्याबरोबर गेलीं, आणि उसळलेल्या लाटेनें थेट आंतीबपर्यंत नासधूस केली.

एके दिवशीं सौ.ला एक फार सुंदर गोटा सांपडला. करड्या अंगावर यज्ञोपवीतासारखी एकच पांढरी रेघ तिरपी गेलेली. देवघरांत ठेवावयाचा म्हणून तिनें तो पदरांत घेतला. आमची आठ वर्षांची नात लगेच म्हणाली, "आजी, किनाऱ्यावरचे दगड न्यायचे नसतात. शाळेंत सांगितलंय." तसा कायदाच आहे. सौ.नें तो गोटा पाण्यांत धुतला, त्यास नमस्कार केला आणि होता तेथें ठेवला. दुसऱ्या दिवशीं तो शोधूं गेलों, तों सगळेच गोटे सारखे.

आतां पाण्याविषयीं. या किनाऱ्यास 'कोत द'अझ्यूर' म्हणजे नील किनारा हें नांव स्तेफाँ लिएजार नांवाच्या लेखकानें १८८७ सालीं आपल्या पुस्तकास दिलें, आणि तें किनाऱ्यास कायमचें चिकटलें. सकाळीं दहाच्या सुमारास तें पाणी पाहिलें म्हणजे नांवांत अतिशयोक्ति नाहीं हें पटतें. कांठाशीं मोरपिसाच्या मध्यासारखा रंग, आणि थोडें पुढें गेलें कीं एकदम गडद नीळ. पण या निळेपणाचें कारण पाहूं गेलें तर तें दारिद्र्य आहे. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनींतून अटलांटिकचें वरचें, सत्त्व कमी असलेलें पाणी आंत येतें. आंतलें सत्त्वयुक्त पाणी तळाशीं राहून त्याच वाटेनें बाहेर जातें. त्यामुळें येथें सूक्ष्म वनस्पति थोड्या, त्या खाणारे जीव थोडे, मासेही त्या मानानें थोडे. आपल्या कोंकणचें पाणी हिरवट व गढूळ दिसतें, तें नद्यांच्या गाळानें आणि असंख्य सूक्ष्म जीवांनीं भरलेलें असतें म्हणून. मासळीचीं गलबतें भरतात तीं त्याच गढूळपणावर. ऊन पुष्कळ आणि नद्या थोड्या असल्यामुळें भूमध्य समुद्राचें पाणी खारटही अधिक आहे. एका लिटरांत सुमारें ३८ ग्रॅम मीठ.

दुसरी गोष्ट अशी कीं, येथें भरती-ओहोटी जवळजवळ नाहीं. मुंबईस पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी चार-चार मीटर चढतें-उतरतें. नीसला तेंच वीतभर. चहूंकडून जमिनीनें वेढलेल्या या समुद्रास महासागराचा हेलावा त्या एका अरुंद दारांतून पुरेसा मिळत नाहीं. चंद्र तोच, तिथि त्याच, पण समुद्र जागचा हालत नाहीं. ओल्या वाळूवर खेकड्यांची रांगोळी नाहीं, शिंपल्या वेंचणारीं मुलें नाहींत. सकाळीं जेथें पाणी होतें तेथेंच संध्याकाळीं. या गोष्टीचा आमच्याशीं पुढें प्रत्यक्ष संबंध आला, तो ओघानें सांगेन.

आज ज्या किनाऱ्यावर लाखों लोक मौजेसाठीं येतात, तेथें प्रथम आले ते आजारी लोक. टोबियास स्मॉलेट हा स्कॉटिश लेखक छातीच्या विकारानें हैराण होऊन १७६३ सालीं नीसला आला. प्रकृतीसाठीं तो समुद्रांत स्नान करी, आणि गांवकरी त्याच्याकडे आश्चर्यानें पाहात. कारण समुद्र हें त्यांच्या लेखीं जाळीं टाकण्याचें व होड्या ओढण्याचें ठिकाण होतें. स्मॉलेटचें प्रवासवर्णन १७६६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि मग इंग्रज रोग्यांची रीघ लागली. ते येत हिवाळ्यांत, आणि उन्हाळा आला कीं परत जात. कित्येक परत गेलेच नाहींत. 'अबाइड विथ मी' हें प्रार्थनागीत लिहिणारे हेन्री फ्रान्सिस लाइट हे पाद्री क्षयानें खंगून येथें आले आणि १८४७ सालीं येथेंच वारले. त्यांची कबर शहरांतील इंग्रजी चर्चच्या आवारांत आहे. हें गीत गांधीजींच्या आवडीचें. दिल्लीस २९ जानेवारीच्या सैनिकी समारंभांत तें कित्येक वर्षें वाजविलें जाई, २०२२ सालीं तें वगळण्यांत आलें. त्या कबरीपाशीं आम्ही थोडा वेळ उभे राहिलों.

समुद्रालगत जो प्रसिद्ध रुंद रस्ता आहे, 'प्रोमनाद देझांग्ले', म्हणजे इंग्रजांची फिरण्याची वाट, तोही असाच दुखण्यांतून व दुष्काळांतून निघालेला आहे. १८२० च्या सुमारास एका कडक हिंवानें संत्र्यांचें पीक बुडालें आणि शहरांत भिकाऱ्यांची दाटी झाली. लुइस वे नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें आपल्या लोकांकडून वर्गणी जमवून त्या बेकारांना समुद्रकांठानें दोन मीटर रुंदीची पायवाट बांधण्याचें काम दिलें. आपल्याकडील दुष्काळी कामांतून झालेल्या सडकांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. आज ती वाट सुमारें सात किलोमीटर लांब आहे, आणि तीवरून फिरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना संत्र्यांची गोष्ट ठाऊक असते.

पुढें १८६० सालीं नीस फ्रान्सकडे आलें, १८६४ मध्यें आगगाडी आली, आणि रोग्यांच्या मागोमाग राजे आले. व्हिक्टोरिया राणी १८९५ पासून १८९९ पर्यंत दर वसंतांत सिमिए नांवाच्या टेकडीवर येऊन राही. तिच्या लव्याजम्यांत आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीम असे आणि राणी त्याच्यापाशीं उर्दू शिके. नीसच्या टेकडीवर उर्दूचा धडा चालला आहे, या कल्पनेनें मला मोठी करमणूक झाली. उन्हाळ्यांत मात्र हॉटेलें बंद होत. कारण उन्हांत काळें पडणें हें कष्टकऱ्याचें लक्षण मानीत. उन्हाळ्यांत येऊन मुद्दाम अंग भाजून घेण्याची पद्धति १९२० नंतरची. आणि १९३६ सालीं फ्रान्सच्या सरकारनें प्रत्येक कामगारास वर्षांतून दोन आठवडे पगारी रजा देण्याचा कायदा केला, तेव्हां ज्यांनीं जन्मांत समुद्र पाहिला नव्हता, अशीं कुटुंबें सवलतीचीं तिकिटें काढून या किनाऱ्यावर उतरलीं. माझ्या मतें नीसच्या इतिहासांत राणीच्या येण्यापेक्षां हें येणें मोठें आहे. पण पुतळा राणीचा आहे.

सध्यांची व्यवस्था अशी. किनारा सरकारचा, आणि १९८६ च्या कायद्यान्वयें समुद्राकडे जाण्याची वाट कोणासही अडवितां येत नाहीं. कांहीं पट्टे उपाहारगृहवाल्यांना ठराविक मुदतीनें दिलेले आहेत; तेथें पैसे मोजून गादी, छत्री व खाणेंपिणें मिळतें. त्यांच्या मधल्या पट्ट्यांवर वाटेल त्यानें आपला टॉवेल पसरावा. एकाच समुद्रांत दोघेही बुडी मारतात. एके ठिकाणीं अपंगांना खास खुर्चींत बसवून पाण्यांत नेण्याची सोय आहे, ती मला सर्वांत अधिक आवडली. वर रस्त्यावर निळ्या रंगाच्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या असतात, तेथें बसावयास कांहीं पडत नाहीं. माझा मुक्काम बहुधा तेथेंच. दुपारीं बाराला किल्ल्याच्या टेकडीवरून रोज एक बार निघतो. एका स्कॉटिश गृहस्थाची पत्नी गप्पांच्या नादांत जेवणवेळ विसरे, म्हणून त्यानें स्वखर्चानें ही तोफ सुरूं करविली, असें सांगतात. सौ.ला ही गोष्ट सांगितली तेव्हां ती म्हणाली, "आणि स्वैंपाक कोण करीत होतं?"

तोफ ऐकून आम्ही कित्येकदां जुन्या गांवाकडे वळत असूं. तेथील बोळांत 'सोक्का' नांवाचा पदार्थ मिळतो: हरभऱ्याचें पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचें तेल कालवून मोठ्या तांब्याच्या परातींत पसरतात, लांकडाच्या भट्टींत भाजतात आणि वर मिरपूड घालून देतात. धिरड्याचा हा परदेशांतला सख्खा चुलतभाऊ पाहून आमच्या शाकाहारी जिवास केवढा आधार वाटला, तें सांगतां येत नाहीं.

कपड्यांविषयीं लिहिलें पाहिजे, कारण घरीं परतल्यावर प्रत्येकानें प्रथम तेंच विचारलें. होय, तेथें स्त्रीपुरुष अत्यल्प वस्त्रांत वावरतात. परंतु त्यांत सत्तर-ऐंशीं वर्षांचीं माणसें फार, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नाशिकच्या घाटावर पंचा नेसून उतरणाऱ्या म्हाताऱ्याइतकाच निःसंकोच भाव. कोणी कोणाकडे पाहात नाहीं. पाहण्याचा आरोप करावयाचा तर तो आमच्यासारख्या खुर्च्यांवरील मंडळींवरच करावा लागेल.

मात्र याच किनाऱ्यावर वस्त्र कमी असण्यावरून नव्हे, अधिक असण्यावरून एकदां मोठा वाद माजला होता. १४ जुलै २०१६ रोजीं, त्यांच्या राष्ट्रीय सणाच्या रात्रीं, आतषबाजी पाहून लोक या प्रोमनादवरून परतत असतां एका माणसानें अवजड मालमोटार गर्दींतून बेफाम हांकली. ८६ माणसें मेलीं. त्यांत लहान मुलें होतीं. आज तेथें उपसागराकडे पाहणाऱ्या देवदूताचा पुतळा आहे, मृतांचीं नांवें आहेत, आणि पदपथाच्या कडेनें जाड पोलादी खुंट आहेत. संत्र्यांच्या वाटेवरचा हा दुसरा दुष्काळ. त्या संतापाच्या व भीतीच्या दिवसांत, ऑगस्टांत, नीससह अनेक गांवांनीं किनाऱ्यावर धर्मनिदर्शक वेष करण्यास बंदी घातली. रोख होता तो सर्वांग झांकून पोहणाऱ्या मुसलमान स्त्रियांवर. २६ ऑगस्टला तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायसभेनें शेजारच्या व्हिलन्व्ह-लुबे गांवाचा हुकूम स्थगित केला, आणि लौकरच नीसचाही गेला. बाई किती झांकते व किती उघडते याचा हिशेब ठेवण्याची हौस पुरुषांना सर्व देशांत सारखीच, असें मला तेव्हांही वाटलें आणि तेथें गेल्यावरही वाटलें.

हें सगळें सांगण्याचें कारण, ९ ऑगस्टला शनिवारीं नारळी पौर्णिमा होती. सौ.चें माहेर बंदरावरचें. पर्वणीस समुद्रस्नान करावें आणि या दिवशीं सागरास नारळ द्यावा, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. मुलगा चिंतेंत पडला. "आई, तूं लुगडं नेसून पाण्यांत उतरणार? इथं कोणी कांहीं बोललं तर? मागं बरंच झालंय इथं." सौ. म्हणाली, "अरे, त्या बायका दोन चिंध्यांत उतरतात त्यांना मी कांहीं म्हटलं का? मग मला कोण कशाला म्हणेल?" नारळाचीच अडचण मोठी निघाली. दुकानांत नारळ मिळाला, पण तासून गुळगुळीत केलेला, शेंडी नसलेला. "बोडका नारळ द्यायचा समुद्राला?" म्हणून ती खिन्न झाली. शेवटीं देव भावाचा भुकेला, असें मीं म्हटलें, आणि त्यावर तिनें माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें तिचें वर्णन करीत नाहीं.

सकाळीं सातला आम्ही सर्वजण मोकळ्या पट्ट्यावर गेलों. त्या वेळीं तेथें रोजचे म्हातारे पोहणारेच काय ते असतात. सौ. नऊवारी नेसली होती. कासोटा असल्यानें पाय मोकळे राहतात. नारळास हळदकुंकू वाहिलें, पाण्याला नमस्कार केला आणि ती उतरूं लागली. पण गोटे पायांखालून सरकूं लागले. इतक्यांत पाण्यांतून एक पांढऱ्या केसांची बाई दोन पावलें वर आली आणि तिनें आपला हात पुढें केला. "दूसमाँ, दूसमाँ," म्हणजे सावकाश, सावकाश, असें म्हणत तिनें सौ.ला कमरेइतक्या पाण्यांत नेलें. सौ.नें तीन बुड्या मारल्या आणि नारळ सोडला.

नारळ जाईना. येथें त्याला ओढून नेणारी ओहोटी कोठून असणार? लाटेबरोबर चार हात जाई आणि दुसऱ्या लाटेबरोबर कांठाशीं येई. असें पांच-सहा वेळां झालें. मग एक उघडाबंब आजोबा पोहत आले, त्यांनीं नारळ पकडला, आणि पडलेला रुमाल परत करावा तशा अदबीनें "मदाम" म्हणून सौ.च्या हातांत ठेवला. नात हंसतां हंसतां गोट्यांवर बसली. मुलानें फ्रेंचमध्यें सगळें सांगितलें: हा समुद्राला दिलेला आहे, कोळी लोक वादळाचे दिवस संपतांना असा देतात, वगैरे. आजोबांनीं गंभीरपणें ऐकून घेतलें, नारळ पुन्हां मागून घेतला, आणि एका हातानें पोहत दूरच्या पिंवळ्या पिंपांपर्यंत, म्हणजे जेथें स्नानाची हद्द संपते तेथपर्यंत, गेले. तेथें त्यांनीं तो उंच धरून आम्हांस दाखविला आणि पलीकडे सोडला. वर रस्त्यावरून सायकलीवरचे दोन पोलीस चालले होते. ते थांबले, ओलेत्या नऊवारीकडे पाहिलें, "बोंजूर" म्हणाले आणि पुढें गेले. मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हां कोठें उतरला.

दुसऱ्या दिवशीं सौ. डबाभर नारळाच्या वड्या घेऊन गेली. त्या पांढऱ्या केसांच्या बाईनें सूनबाईमार्फत कृति विचारली आणि साखरेचें प्रमाण ऐकून कपाळाला हात लावला. वड्या मात्र चार खाल्ल्या. तिचे वडील लियोंच्या एका कारखान्यांत कामगार होते. १९३६ च्या ऑगस्टांत रजा मिळाली तेव्हां ते येथें आले आणि जन्मांत पहिल्यानें त्यांनीं समुद्र पाहिला. चारचौघांत बूट काढण्याची लाज वाटून ते पहिला सबंध दिवस बूट-मोजे घालूनच गोट्यांवर बसून राहिले होते, असें तिनें सांगितलें. डबा तिनें घरीं नेला. तिसऱ्या दिवशीं तो परत आला, तो रिकामा नव्हता. त्यांत तिच्या अंगणांतलीं जांभळीं अंजिरें होतीं.